विद्यापीठाच्या आवारातील ऊर्जाबचत : विद्यार्थ्यांनी नेमके काय हाती घ्यावे?

प्रश्न असा आहे : एका विद्यापीठात विद्यार्थ्यांचा पर्यावरण गट स्थापन होऊन एक वर्ष झाले. या काळात गटाने भित्तिपत्रके लावली, ऊर्जाबचतीची सामूहिक शपथ घेतली, एक तास दिवे बंद ठेवण्याचा कार्यक्रमही यशस्वी केला. परंतु वर्षअखेरीस वीजवापराचे आकडे जवळजवळ होते तेथेच राहिले. विद्यार्थ्यांच्या सहभागातून ऊर्जाबचत खरोखर होते का, आणि होत असेल तर सुरुवात कोठून करावी?

होते, आणि मोजून दाखवता येईल इतकी होते. विद्यापीठांच्या इमारतींची ऊर्जा-तपासणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली असून त्या कामात विद्यार्थ्यांचे गट वारंवार बरोबर होते, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो आहे. तुमच्या गटाच्या उत्साहात काही उणे नव्हते. गट वीज शोधत होता ती जागा आणि वेळ चुकली होती.

थोडे गणित करून पाहावे. वर्षात ८,७६० तास असतात. अध्यापनाचे दिवस २२० आणि दररोज ८ तास वर्ग चालतात असे धरले तर वर्गखोल्या वापरात असण्याचे तास होतात १,७६०, म्हणजे वर्षाचा जेमतेम पाचवा भाग. उरलेले ७,००० तास इमारत रिकामी किंवा जवळजवळ रिकामी असते. मीटर मात्र फिरत असतो. आपण जागे असताना आणि वर्गात बसलेलो असताना दिसणाऱ्या दिव्यांवरच सगळ्या मोहिमा केंद्रित होतात, आणि खरी गळती ज्या वेळी कोणीही पाहत नसते त्या वेळी होते. एका तासाचा दिवेबंद कार्यक्रम हा ८,७६० तासांपैकी एका तासाचा, तोही केवळ दिव्यांचा. त्याने जागृती होत असेल, पण वार्षिक आकडा हलण्याचे कारण नाही.

म्हणून पहिले काम रात्रीच्या फेरीचे. एक इमारत निवडावी, विद्यापीठाच्या देखभाल विभागाची लेखी परवानगी घ्यावी, आणि त्यांच्या माणसाबरोबर रात्री दोन ते तीन या वेळेत मुख्य मीटरचे एक तासाच्या अंतराने दोनदा वाचन करावे. दोन वाचनांतील फरक म्हणजे त्या इमारतीचा रात्रीचा भार. असेच वाचन कामाच्या दिवशी दुपारी आणि सुटीच्या दिवशी दुपारी घ्यावे. फक्त वर्ग आणि कार्यालये असलेल्या इमारतीत रात्रीचा भार दिवसाच्या भाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त निघाला, तर तेथे चौकशी करण्यासारखे काही आहे असे मी मानतो. प्रयोगशाळा किंवा सर्व्हर कक्ष असलेल्या इमारतीला हा ठोकताळा लावू नये.

मीटर वाचून झाल्यावर मजल्यामजल्यावरून शांतपणे फिरावे. शांतपणे यासाठी की रात्रीच्या वेळी पुष्कळ वीज डोळ्यांच्या आधी कानांना सापडते. हवा खेळती ठेवणारे पंखे, थंड पाण्याची यंत्रे, संगणक कक्षातील चालू राहिलेले संगणक, टाकी भरून वाहू लागली तरी न थांबलेला पंप या सगळ्यांना आवाज असतो. एका इमारतीत आमच्या विद्यार्थ्यांना छतावरचा एक मोठा हवा-पंखा रात्रभर चालू असल्याचे आढळले. कधी काळी सायंकाळच्या परीक्षेसाठी कोणीतरी त्याची कळ 'स्वयंचलित'वरून 'हाताने' या स्थितीत आणली होती आणि परीक्षा संपल्यावर ती पूर्ववत करायची राहून गेली होती. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की तो आवाज नेहमीचाच आहे. त्याला आजवर कोणी विचारलेच नव्हते! दुरुस्तीसाठी एक कळ फिरवावी लागली, खर्च काहीच नव्हता. रात्रपाळीचे पहारेकरी आणि सफाई कर्मचारी यांच्याइतकी इमारतीची माहिती कोणत्याही नकाशात नसते, आणि त्यांच्याशी बोलायला सल्लागारांपेक्षा विद्यार्थी सहज जातात.

पंख्यांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण मोठ्या इमारतींत त्यांचा वाटा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठा असतो. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती ०.८ चा घन, म्हणजे सुमारे ५१ टक्के उरते. वेगात एक पंचमांश घट केली की वीज जवळजवळ निम्मी होते. अर्ध्या रिकाम्या इमारतीत पूर्ण वेगाने हवा फिरवत ठेवणे महागात पडते ते यामुळे. वेग किंवा वेळापत्रक बदलणे हे अभियंत्यांचे काम आहे. पण कोणती खोली कोणत्या वाराला किती वाजेपर्यंत खरोखर वापरात असते, ही माहिती अभियंत्यांकडे नसते. ती गोळा करणे दोन-तीन विद्यार्थ्यांना एका आठवड्यात जमते.

येथे एक इशारा, आणि एक कबुली. इशारा असा की विद्यार्थ्यांनी वीजपेटी उघडू नये, वायरला हात लावू नये, कोणतेही यंत्र स्वतः बंद करू नये. त्यांनी पाहावे, मोजावे आणि नोंदवावे. कबुली अशी की सुरुवातीच्या काळात एका संस्थेत आम्ही रात्रीच्या फेरीत सापडलेल्या गोष्टींची छायाचित्रे थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवली. अहवाल बिनचूक होता, पण देखभाल विभागाने तो आरोपपत्रासारखा वाचला आणि पुढचे वर्षभर मीटर-खोलीची किल्ली आम्हाला मिळाली नाही. तेव्हापासून नियम केला की जे सापडेल ते प्रथम त्या इमारतीच्या वीजतंत्र्याला दाखवायचे, त्याचे म्हणणे अहवालात घ्यायचे आणि दुरुस्तीचे श्रेय त्याच्या नावावर लिहायचे. कित्येकदा तो तीच दुरुस्ती आधीपासून मागत असतो आणि त्याचे ऐकून घेणारे कोणी नसते.

आता वसतिगृहांकडे वळू. तेथे वीज वापरणारा आणि निर्णय घेणारा माणूस एकच असतो, त्यामुळे सवयींचा परिणाम खरोखर दिसतो. अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयात २००५ मध्ये झालेली वसतिगृहांची स्पर्धा या विषयात नेहमी उद्धृत केली जाते. दोन आठवड्यांच्या स्पर्धेत विजेचा वापर एकंदर ३२ टक्क्यांनी घटला. ज्या वसतिगृहांत वापराचे आकडे जवळजवळ त्याच क्षणी पडद्यावर दिसत होते तेथे घट ५५ टक्के होती. ज्यांना आठवड्यातून एकदाच आकडे कळत होते तेथे ती ३१ टक्के. पाण्याच्या वापरात मात्र एकंदर ३ टक्केच फरक पडला. या आकड्यांतून पुष्कळ लोक 'स्पर्धा घ्या' एवढाच बोध घेतात. मला त्यातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती ५५ आणि ३१ यांमधील अंतर. बक्षीस सर्वांना सारखेच होते, फरक होता तो वापर लगेच दिसण्याचा. तुमच्या वसतिगृहात मजल्यावार उपमीटर नसतील तर स्पर्धेच्या फलकांवर खर्च करण्याआधी उपमीटरची मागणी करा.

दोन आठवडे म्हणजे वर्ष नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. स्पर्धेच्या काळात मुले मार्गिकेतील दिवे काढून ठेवतात, अंधारात बसतात, शीतकपाट बंद करतात आणि स्पर्धा संपल्यावर सगळे पूर्वपदावर येते. मार्गिका आणि जिन्यांचे दिवे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्यातून मिळालेली बचत मी मोजत नाही. स्पर्धा घ्यायचीच असेल तर ती संपल्यानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी करावी आणि निकाल त्या दुसऱ्या मोजणीवर लावावा. हा बदल सुचवला की आयोजक नाराज होतात, पण टिकलेली सवय आणि तात्पुरता हट्ट यांतील भेद दुसऱ्या कोणत्याही उपायाने कळत नाही.

तुलनात्मक आकडे प्रसिद्ध करण्यातही एक खाचखळगा आहे. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथील घरांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शेजाऱ्यांचा सरासरी वापर कळवल्यावर जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण जे आधीच सरासरीपेक्षा कमी वापरत होते त्यांचा वापर वाढला. त्याच पत्रकावर हसऱ्या चेहऱ्याचे एक साधे चिन्ह काढून कौतुक दर्शवले तेव्हा ही वाढ झाली नाही. म्हणून फलकावर नुसती सरासरी लिहू नये. कमी वापर करणाऱ्या मजल्याची दखलही तेथेच घ्यावी. आणि आकडे मजल्याचे असावेत, खोलीचे नव्हे. कोण कधी खोलीत असतो हे विजेच्या आकड्यांवरून सहज कळते आणि ते चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार कोणत्याही पर्यावरण गटाला नाही.

वसतिगृहातील चर्चा दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांभोवती फिरते, म्हणून एक उदाहरण मुद्दाम देतो. मिनिटाला ९ लिटर पाणी देणाऱ्या शॉवरखाली ८ मिनिटे आंघोळ केली तर ७२ लिटर पाणी लागते. ते २० अंश सेल्सिअसने तापवायला, कोणतीही गळती न धरता, सुमारे १.७ युनिट ऊर्जा लागते. एवढ्या ऊर्जेत ९ वॅटचा एलईडी दिवा साडेसात दिवसांहून अधिक काळ अखंड जळेल. दिवा विसरू नये हे खरेच, पण पाण्याचा प्रवाह कमी करणारी झारी आणि गरम पाण्याच्या नळांवरचे उष्णतारोधक आवरण यांची मागणी शपथपत्रापेक्षा कितीतरी जास्त काम करते.

प्रयोगशाळा हा वेगळाच प्रांत आहे आणि विद्यार्थी गट तेथे सहसा फिरकत नाहीत, हे दुर्दैव. विज्ञान शाखेच्या इमारती क्षेत्रफळाच्या मानाने फार ऊर्जा खातात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एक फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून बाहेर टाकणारे, पुढे सरकती काच असलेले कपाट, वर्षभरात सरासरी तीनहून अधिक अमेरिकी घरांइतकी ऊर्जा वापरतो, असा अंदाज लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी मांडला आहे. हूड स्वतः फारशी वीज घेत नाही, पण तो खोलीतली थंड किंवा उबदार केलेली हवा अहोरात्र बाहेर फेकतो आणि तितकीच नवी हवा पुन्हा थंड किंवा उबदार करावी लागते. हार्वर्डसारख्या विद्यापीठांत हूडची काच खाली ओढून ठेवण्याच्या स्पर्धा होतात त्या यासाठीच. पण अनुकरणाआधी एक गोष्ट तपासा. काच खाली केल्यावर हवेचा प्रवाह आपोआप घटतो अशा हूडमध्येच ऊर्जा वाचते. जुन्या, स्थिर प्रवाहाच्या हूडमध्ये काच उघडी असो वा बंद, पंखा तेवढीच हवा ओढतो. अशा प्रयोगशाळेत काच बंद ठेवण्याला सुरक्षिततेचे कारण पुरेसे आहे, परंतु तिच्यातून वीज वाचल्याचे जाहीर केले तर तेथील तंत्रज्ञ पुढे तुमच्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

नमुने जतन करणारे अतिशीत फ्रीझर हे दुसरे उदाहरण. उणे ८० अंशांऐवजी उणे ७० अंशांवर ठेवल्यास त्यांचा वीजवापर साधारण ३० टक्क्यांनी घटतो, आणि कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर आवारातील प्रयोगशाळांसह अनेक ठिकाणी हे केले गेले आहे. तरीही तापमानाचा निर्णय नमुन्यांची जबाबदारी ज्या संशोधकावर आहे त्याचाच असला पाहिजे. विद्यार्थ्यांनी, विशेषतः पदव्युत्तर संशोधक विद्यार्थ्यांनी, करण्यासारखे काम आधीचे आहे: फ्रीझरमधील नमुन्यांची यादी करणे, केव्हाच सोडून गेलेल्यांचे निनावी डबे शोधणे आणि झडपांवर साठलेला बर्फ काढणे. यादी नीट झाली की दोन फ्रीझरचा माल एकात मावतो आणि दुसरा बंद करता येतो, असे पुन्हा पुन्हा दिसून येते.

दिव्यांचा मुद्दा थोडक्यात. ४० वॅटची जुनी नळी तिच्या चोकसह सुमारे ५० वॅट घेते, तिच्या जागी २० वॅटची एलईडी नळी लावली तर ३० वॅट वाचतात. दिवसरात्र उजळलेल्या मार्गिकेत या बदलाने वर्षाला सुमारे २६३ युनिट वाचतात. वर्षातून २०० तास वापरात असलेल्या भांडारगृहात वाचतात ६ युनिट. नळी तीच, श्रम तेच, आणि फरक चाळीस पटींहून अधिक. त्यामुळे सरसकट बदलाची मागणी करण्यापेक्षा दिवे किती तास जळतात याची यादी प्रशासनापुढे ठेवावी.

वेळापत्रक ही गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सायंकाळचे सात-आठ वर्ग चार इमारतींत विखुरलेले असतील तर चार इमारतींची वातानुकूलन यंत्रणा, जिने आणि स्वच्छतागृहे रात्री नऊपर्यंत चालू ठेवावी लागतात. तेच वर्ग एका इमारतीत आणले तर तीन इमारती सहा वाजता झोपतात. यासाठी एकही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. लागतो तो विभागांमधला समझोता, आणि तो घडवण्यात विद्यार्थी प्रतिनिधी प्राध्यापकांपेक्षा अधिक यशस्वी झालेले मी पाहिले आहेत, कारण त्यांचा कोणत्याही एका खोलीवर हक्क नसतो.

आकड्यांबाबत प्रामाणिक राहणे हे विद्यार्थी गटाचे एकमेव भांडवल असते. मोहीम सुरू करण्यापूर्वीच्या निदान एका वर्षाची मासिक नोंद हाताशी असल्याशिवाय बचतीचा दावा करू नये. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करावी, हवामानातील फरकाची दुरुस्ती करावी, आणि मधल्या काळात नवीन प्रयोगशाळा किंवा ग्रंथालयाचे वाढीव तास सुरू झाले असतील तर तसे स्पष्ट नमूद करावे. इमारतींची परस्पर तुलना करायची झाल्यास दर चौरस मीटरमागे वार्षिक युनिट हे माप वापरावे, आणि तेही सारख्या प्रकारच्या इमारतींमध्येच. ग्रंथालयाची तुलना रसायनशास्त्राच्या इमारतीशी करण्यात अर्थ नाही. एका गटाने मोठ्या अभिमानाने जाहीर केलेली घट शेवटी सत्रान्त सुटीमुळे आलेली निघाली, आणि वित्त विभागातील एका कारकुनाने ती दोन मिनिटांत दाखवून दिली. त्या गटाचा पुढचा, खरोखर चांगला अहवाल कोणी उघडूनही पाहिला नाही.

विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात, ही या सगळ्या कामातली मूळ अडचण आहे. चांगला गट बहुधा दोन उत्साही व्यक्तींच्या जोरावर उभा राहतो आणि त्यांच्या पदवीदान समारंभाबरोबर विसर्जित होतो. यावर मला सर्वांत उपयुक्त ठरलेला उपाय म्हणजे हे काम अभ्यासक्रमात गुंफणे. मीटरच्या नोंदी संख्याशास्त्राच्या वर्गात विश्लेषणासाठी द्याव्यात, उष्णता-वहनाच्या वर्गाने दरवर्षी एका इमारतीच्या खिडक्या आणि छत तपासावे, अर्थशास्त्राच्या वर्गाने खर्चाच्या परतफेडीचा हिशेब करावा. विद्यार्थी बदलले तरी वर्ग दरवर्षी भरतो आणि नोंदीची साखळी तुटत नाही. ज्या कामात आठवड्याचे आठ-दहा तास नियमित जातात त्याला मानधन असावे, असेही माझे स्पष्ट मत आहे. अन्यथा ज्यांना फावल्या वेळात कमाई करावी लागत नाही तेच विद्यार्थी गटात उरतात.

निधीसाठी दोन मार्ग रूढ आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात २००७ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदानाने स्वतःवरच एक लहान शुल्क लावून घेतले आणि त्यातून शाश्वत प्रकल्पांना साहाय्य करणारा निधी उभा राहिला. दुसरा मार्ग फिरत्या निधीचा: निधीतून उपाय करायचा, त्यामुळे वीजदेयकात झालेली बचत ठरावीक काळ निधीतच परत भरायची आणि तेच पैसे पुढच्या उपायाला वापरायचे. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण त्यात प्रत्येक उपायाची मोजणी करणे भाग पडते. मात्र बचतीची रक्कम कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात जाईल हे वित्त विभागाकडून आधी लिहून घ्यावे. ते न केल्यामुळे पहिल्याच वर्षी आटलेले निधी मी पाहिले आहेत.

छतावरील सौर पटलांविषयी विद्यार्थी हटकून विचारतात. पटले जरूर बसवावीत, पण आधी रात्रीचा अनावश्यक भार काढावा. तो दिवसा तयार होणाऱ्या विजेने तसाही भागत नाही, आणि मागणी कमी झाल्यावर त्याच पटलांतून आवाराच्या गरजेचा मोठा हिस्सा भरून निघतो. मूल्यांकनाच्या चौकटींबाबतही असाच क्रम ठेवावा. विद्यापीठांच्या पर्यावरणविषयक जबाबदारीचा १९९० चा तालुआर जाहीरनामा, २०१० पासून चालत आलेली 'स्टार्स' ही स्वयंमूल्यांकन पद्धत आणि त्याच वर्षी इंडोनेशिया विद्यापीठाने सुरू केलेली 'ग्रीनमेट्रिक' क्रमवारी यांचा उपयोग प्रशासनाला चर्चेला बसवण्यासाठी चांगला होतो. पण गटाचे सगळे वर्ष प्रपत्रे भरण्यात गेले तर रात्रीच्या फेऱ्या कोण करणार?

प्रशासनाकडे काय मागावे, असाही प्रश्न तुमच्या मनात असेल. माझ्या मते पहिल्या वर्षी तीनच गोष्टी मागाव्यात: प्रत्येक इमारतीला स्वतंत्र उपमीटर, त्याच्या मासिक नोंदी सर्वांना खुल्या, आणि इमारती व देखभालीचे निर्णय घेणाऱ्या समितीत मताधिकारासह विद्यार्थ्यांची एक जागा. उपमीटर लगेच मिळाले नाहीत तर थांबू नका. ज्या एका इमारतीला स्वतःचा मीटर आहे ती निवडा, देखभाल विभागाशी ठरवून दर सोमवारी सकाळी त्याच वेळी वाचन घ्या, तारीख, वेळ, आकडा आणि त्या आठवड्यात इमारतीत काय वेगळे घडले एवढे चार रकाने एका जाड वहीत भरा, आणि ती वही कोणाच्या खोलीत न ठेवता ग्रंथालयाच्या किंवा विभागाच्या कपाटात ठेवा.